हिरव्या चेहऱ्याचं घर

माझ्या पाठच्या बुनीला,

थोरल्या सुल्येनं तुझ्या डोक्यावरून हात फिरवला असं समज आणि मग वाच. गुडघे कसे आहेत? ओट्यावरून अजून बाजूबाजूनंच उतरतेस का? मिरच्या नीट वाळल्या का? मी अगदी मजेत आहे. अक्षर बघून थक्क झाली असशील. शहात्तराव्या वर्षी मी ज्येष्ठांच्या वर्गाला जायला लागले. आमच्या मास्तरीणबाई (नातीच्या वयाची पोर, पण अशी बघते की पाटी लपवावीशी वाटते) म्हणाल्या, आजी, आता कुणाला तरी खरं पत्र लिहा. म्हणून हे आयुष्यातलं पहिलं पत्र तुला.

आमची इथली, सोंग्दो शहरातली इमारत फार हुशार आहे बरं का. खोलीखोलीत छताला बारका डोळा बसवलाय. माणूस दिसलं की तो जमीन तापवतो, दिसेनासं झालं की वीज वाचवायला गार करतो. आमच्या संगहुननं माझ्या आणि त्याच्या अशा दोन्ही मोबाइलमध्ये त्याचं ॲप घालून ठेवलंय. सगळं ठीक असलं की त्यात हिरवा हसरा चेहरा येतो. पोरगा पूर्वी दर रविवारी सोलहून फोन करून जेवलीस का विचारायचा, आता नुसता चेहरा बघतो, विचारावं लागत नाही, केवढी सोय. एवढंच की मी स्वस्थ बसले की डोळ्याला वाटतं घरात कुणी नाही, आणि बुडाखालची जमीन गारठते. म्हणून मी मधूनमधून हात हलवते. (परवा वर्गातली एक बाई चहाला आली होती, तिला वाटलं मी तिला निघ म्हणतेय. निघून गेली.)

तर माझ्या शेजारच्या घरात मोक्पोकरीण राहायची. एक्याऐंशीची, एकटी, मुलगी बुसानला. तोंडानं फटकळ, पण हाताला चव. ती दर थंडीत आईसारखंच सोयाबीन उकडून, टोपात भरून, दोन गोधड्यांत गुंडाळून जमिनीवर आंबवायला ठेवायची. दुकानचं आयतं मिळतं म्हटलं तर म्हणायची, "दुकानाला माझी आई माहीत होती का?" या खेपेला तिनं टोप नेहमीसारखा झोपायच्या जागी ठेवला आणि ती न्हाणीघरात गेली. तिथेच घसरून पडली. न्हाणीघरात डोळा लावत नाहीत, माणसाची लाज राखायला. आता बघ, खोलीत गोधडीखाली लांबट ढीग, अंगाएवढी ऊब, हालचाल नाही. म्हातारी माणसं फार झोपतात, तेव्हा आडवं दिसेल ते निजलेलं समजायचं, हे त्या डोळ्याला कुणीतरी आधीच शिकवून ठेवलेलं. त्यानं टोपासाठी जमीन छान गरम ठेवली, आणि बुसानच्या लेकीला तीन दिवस निरोप पाठवला की आई आरामात झोपल्या आहेत. लेक म्हणाली, बरं झालं, एरवी आई विश्रांती घेतच नाही.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार आली. वॉचमन गुबाक माझ्याच दाराशी आला, आजी, शेजारून कसला वास येतोय? मी नाक वर करून म्हटलं, "सोयाबीनचा आहे. तुमच्या पिढीला नाकच राहिलं नाही. जा, म्हातारीला निजू दे." तो बिचारा माफी मागून गेला. बुनी, तो वास खरंच सोयाबीनचाच होता. पण मी दार वाजवलं नाही. चौथ्या दिवशी वाजवलं, उघडेना, तेव्हा गुबाकनं ते फोडलं. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळपर्यंत जिवंत असाव्यात. म्हणजे गुबाक आला तेव्हा होती.

महिनाअखेरीला लिफ्टमधल्या पडद्यावर तिच्या घराचा नंबर झळकला, त्याला हार घातल्यासारखा हिरवा चेहरा. तीन दिवस दिवा नाही, टीव्ही नाही, पुढे घर रिकामं म्हणून जमीनही गार, तेव्हा वीज वाचवण्यात पहिली आली. बक्षीस दहा किलो तांदूळ. लेकीनं तो पांढऱ्या कपड्यांतच घेतला आणि आमच्या ज्येष्ठांच्या खोलीत ठेवून गेली. आम्ही सगळ्याजणींनी शिजवून खाल्ला. मऊ झाला होता.

तेव्हापासून संगहुन धास्तावलाय. म्हणतो, आई, तुला वृद्धांच्या दवाखान्यात ठेवतो. माझी थोरली वन्स आहे तिथे. भेटायला गेले होते, रात्री उठू नये म्हणून हाताला कापडी मोजे घालून खाटेला बांधतात. मी म्हटलं, इथेच राहू दे. तो म्हणाला, "मग रोज सकाळी एखाद्या माणसानं तू आहेस हे पाहिलं पाहिजे. मशीननं नाही, माणसानं. नाहीतर नव्या वर्षाच्या सणाला मी न्यायला येतो." तो स्वतः सकाळी भुयारी गाडीत असतो, तिथे फोनवर बोललं की लोक डोळे वटारतात. आमच्या मंडळातल्या बायका एकमेकींना फोन करायचं ठरवतात आणि विसरतात. बाकी सगळं उत्तम आहे, काळजी नसावी.

तुझी बहीण,
सुल्ये

ता. क. रोज सकाळी सातला मला फोन कर. नाही उचलला तर संगहुनला विचारू नकोस, तो चेहरा बघून सांगेल. सरळ गुबाकला सांग, दार फोड म्हणून. नंबर पाकिटावर आहे.

ता. क. २. आईची मोठी बरणी मीच नेली होती. आणताना पायरीवर फुटली. अकरा वर्षं तुझ्यापाशी कबूल केलं नाही, आणि तूही तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. तो हट्ट मोडावा असं माझं म्हणणं नाही. बोलू नकोस. नुसती खोकलीस तरी मला कळेल, आणि मी खोकले की तू फोन ठेव.