डब्यावरचा निळा डाग

आई, मी तुर्कस्तानला जाऊन आले. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "तिथं काय ठेवलंय?" आणि लगेच, "पाणी कसं होतं तिथलं?" पाणी चांगलं होतं. सेल्चुक नावाचं जुनं गाव आहे, समुद्रापासून जरा आत. आपल्या सेलूसारखंच वाटलं मला, दुपारी झोपणारं. गावाच्या मधोमध कधीकाळी पाणी आणणाऱ्या दगडी पाटाचे उंच खांब उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर करकोच्यांची घरटी. खाली तुतीच्या झाडांच्या सावलीत म्हातारे सोंगट्या खेळत बसतात. तिथं बसून मी बिनदुधाचा चहा प्यायले. असल्या चहाला तू आजाऱ्याचा काढा म्हणायचीस, ते आठवून एकटीच हसले. एवढंच लिहून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण परत आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि ती तुलाच सांगायची आहे.

आम्ही परभणीच्या दहा बायका गेलो होतो, बहुतेक आमच्या कॉन्व्हेंटच्याच. एका खोलीत दोघी. माझ्या खोलीत कोण होती सांगू? आपल्या मागच्या बोळातून सकाळी टोपली आणि पत्र्याचा तुकडा घेऊन जी बाई यायची, तिची मुलगी. सिस्टरांनी तिला आमच्या शाळेत घेतलं होतं आणि माझ्या बाकावर बसवलं होतं, ते तुला चांगलंच आठवत असेल. पुढे ती नर्स झाली, मेट्रन होऊन रिटायर झाली. आता तिचं जिंतूर रोडला घर आहे, दारात सोनचाफा आहे. आमच्यात सगळ्यांत जास्त तीच हसवते. विमानात जेवणाचा ट्रे आला तेव्हा म्हणाली, "एवढ्या भातात आमच्या वॉर्डातला बेशुद्ध पेशंटबी उठून भांडला असता."

तिसऱ्या दिवशी आम्ही गावाबाहेरचं ते प्राचीन शहर पाहायला गेलो. संगमरवरी रस्ता, चालून चालून गुळगुळीत झालेला, जिकडं तिकडं मांजरं. तिथं एक सार्वजनिक शौचालय आहे, दोन हजार वर्षांचं. भिंतीला लागून संगमरवराचा लांबलचक बाक आणि त्यात ओळीनं भोकं. मध्ये आड नाही, पडदा नाही. आमच्या बायकांना हसू आवरेना. "अगं बया, हे तर गप्पा मारायला बरंय!" एक म्हणाली. दुसरी मला ढकलत म्हणाली, "बस की गं, फोटो काढायलेय मी." मी बसले. मग गाईडनं सांगितलं की, हिवाळ्यात हा दगड गार पडायचा, तेव्हा श्रीमंत लोक आधी आपल्या गुलामाला त्यावर बसवायचे. दगड गरम झाला की त्याला उठवायचे आणि स्वतः बसायचे. "असं सांगतात," तो म्हणाला. आमच्यातली सगळ्यांत मोठी, रोज पारायण करणारी, लगेच बोलली, "अशी सोय आपल्याकडं पायजे होती बाई, डिसेंबरात!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. तेव्हा माझी मैत्रीण शांतपणे म्हणाली, "आपल्याकडं होती की. गरम करायला नव्हती, उचलायला होती." ती बाजूला झाली आणि पडलेल्या खांबावरच्या एका मांजराच्या कानामागं खाजवायला लागली. मी मात्र अजून त्या दगडावरच बसलेली. फोटो आहे माझ्याकडे. दात दिसतायत.

आधी त्या हसण्याची शिसारी आली, मग आपल्या घराची. आपल्या पायखान्याच्या मागची ती छोटी झडप. तिच्यातून बाहेर सरकणारी टोपली. ती बाई बोळातून यायची तेव्हा तू पदर नाकाला लावायचीस, आणि सणाला पुरणाची पोळी तिच्या पदरात वरून टाकायचीस, हात लागू नये म्हणून. पोळी कधी कधी मातीत पडायची. ती उचलून, फुंकून घ्यायची आणि तुला "सुखी राहा" म्हणायची. मी खिडकीतून बघायची. तेव्हा मला त्यात काही वाटायचं नाही, हेही आज लिहून ठेवते.

मी चौथीत होते. तू धपाटे दिले होतेस, कांद्याची पात घातलेले, दह्याचा गोळा कडेला. शाळेत मी अर्धे माझ्या बाकावरच्या या मैत्रिणीला दिले आणि तिच्या डब्यातली भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली. शेजारच्या मुलीनं घरी येऊन सांगितलं. तू स्वयंपाकघरात कणीक मळत होतीस. हात न थांबवता विचारलंस, "कोणाच्या डब्यात हात घातलास गं?"

"तिच्या."

"आन् तिनं?"

"माझ्या."

तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. मोरीत बसवून डोक्यावरून गार पाणी ओतलंस, तांब्यामागून तांब्या, आणि म्हणालीस, "लय शहाणी झालीस कॉन्व्हेंटात." डबा रात्रभर अंगणात उपडा पडून राहिला. मामानं दिलेला, नवा कोरा स्टीलचा. सकाळी तू चूल पेटवलीस. थंडी होती. नेहमीसारखा माझा युनिफॉर्म जाळावर धरून ऊबदार केलास आणि माझ्या अंगावर चढवलास. ती ऊब मला अजून आठवते, छातीशी, बगलेत. जगात दुसऱ्या कुणी मला इतकं जपलं नाही. मग त्याच चुलीत सांडशीनं डबा सारलास. तो आधी पिवळा झाला, मग जांभळा, मग निळा, पाण्यावर रॉकेल सांडावं तसा. "अग्नीला काही लागत न्हाई," तू मागच्या दारातून शेजारणीला ओरडून सांगितलंस. बोळात त्या वेळी कोण होतं ते तू पाहिलं नाहीस, किंवा पाहिलं असशील.

शाळेत तिनं विचारलं, "डब्याला काय झालं गं?" मी म्हणाले, बंबाजवळ राहिला. त्यानंतर आम्ही एकमेकींच्या डब्यातलं कधी खाल्लं नाही. मी तिला तोडलं, तुझ्या धाकानं तोडलं, असं मी पन्नास वर्षं समजत होते.

ते शौचालय पाहून आलो त्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच त्या तुतीखाली बसलो होतो. काचेच्या पेल्यात साखर ढवळत ती एकदम म्हणाली, "तुझा तो डबा. आईनं जाळलता ना?"

आई, मी म्हणाले, "आठवत नाही गं."

"मला आठवतंय," ती म्हणाली. "माझी आई होती की मागं बोळात. घरी येऊन मला सांगितलं तिनं. म्हणली, पोरी, त्या बाईनं लेकराचा डबा चुलीत घातला. उद्यापासून तिच्या डब्यातलं घेऊ नको, आपलं देऊ नको. तिला मार बसंल." मग माझ्या पेल्याकडं बोट करून म्हणाली, "पी की. गार व्हायलाय."

म्हणजे तोडलं मी नव्हतंच. त्या दोघींनी मला वाचवलं होतं. मातीतली पोळी फुंकून घेणाऱ्या बाईला माझ्या पाठीची काळजी होती. त्या क्षणी मला तुझी किळस आली. स्वतःच्या आईची किळस येणं काय असतं ते तुला कसं सांगू? तिथंच ठरवलं, घरी जाऊन तुला पत्र लिहायचं, या वेळी काही गिळायचं नाही.

पण लिहायला बसले की दुसरीच एक सकाळ आडवी येते. तुर्कस्तानातली पहिली सकाळ. हॉटेलातल्या बाथरूममध्ये ती आधी जाऊन आली, नंतर मी गेले. बसले तर सीट गरम होती. मी ताडकन उठले. कागदानं पुसली, पर्समधलं सॅनिटायझर ओतलं, परत पुसली, परत ओतलं. तू म्हणशील, त्यात काय, स्वच्छता. मीही तसंच म्हणाले स्वतःला. पण नणंदेबरोबर सिमल्याला गेले होते तेव्हा आठ दिवस आमची एकच बाथरूम होती आणि मला एकदाही असं सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून माझी मैत्रीण म्हणायला लागली, "तू आधी जाय. मला कुठं ड्युटीवर जायचंय?" मला तो तिचा चांगुलपणा वाटला. बाथरूममधल्या कचऱ्याच्या बादलीतला ओल्या कागदांचा ढीग तिनं पाहिला असणार. जन्मभर वॉर्ड सांभाळलेली बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटतं? तरीही त्या दुपारी तिनं मला फक्त डब्याचंच विचारलं. सोपा प्रश्न विचारला, आणि मी त्याचंही खरं उत्तर दिलं नाही.

उद्या ती माझ्याकडे जेवायला येणार आहे. मीच बोलावलंय. धपाटे करणार आहे, तुझ्यासारखेच, पात घालून. ते त्याच डब्यात घालून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचं, हो, जाळला होता, मला पक्कं आठवतंय. बाथरूमचंही सांगायचं ठरवलंय. डबा अजून आहे, मी त्यात बटणं ठेवते. आज ती काढून या पत्रासाठी आणलेल्या पाकिटात ओतली. तसंही पत्र पाठवायचं कुठं?

आणि एक गोष्ट, आई. रिकामा डबा घेऊन मी आधी मोरीत बसले. चिंच लावली, राख लावली, तारेच्या घासणीनं बोटं सोलेपर्यंत घासला. ती यायच्या आत तो निळा डाग जातो का ते पाहत होते. गेला नाही.