राखेखालचा जबडा

३ मार्च, सकाळी ११.२०
संग्रहालयातल्या घोड्याच्या जबड्याखालची पाटी बदलली! न सांगता, न विचारता. जुनीवर होतं – 'एकोणीस लाख वर्षांपूर्वीचा', खाली शोधक म्हणून यांचं नाव. नवीवर आठ लाख. नाव गायब. हे जाऊन सहा वर्षं झाली. यांचं नाव लिहिलेलं जगात तेवढंच उरलं होतं.
अधिकारी म्हणाले, "बाई, नवी तपासणी झाली." शाळेत गणिताच्या सिस्टर म्हणायच्या तसं म्हटलं, "उत्तर नको, रीत दाखवा." तर म्हणे, जेवायची वेळ झाली. अकरा वाजता!

४ मार्च
वन्सं म्हणतात, "वहिनी, मेलेल्या घोड्याचं वय अकरा लाखांनी उतरलं? मलाही न्या तिथे!" सख्ख्या भावाचं नाव गेलं, तरी थट्टा. हसू आलं, दाखवलं नाही.

९ मार्च
नवी तपासणी केलेल्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी रीत दाखवली. जबड्याचं वय मोजतच नाहीत, त्याच्यावर साचलेल्या ज्वालामुखीच्या राखेचं मोजतात – हे मला सांगतात! तीस वर्षं जेवताना तेच ऐकलंय. राखेतल्या स्फटिकांत पोटॅशियम असतं. त्यातलं काही ठरल्या गतीने आरगॉन वायू होतं. वायू जितका साठला, तितकं वय.
"सरांनी मूठभर कण एकदम वितळवले. तेव्हा तसंच करत. त्यात जुन्या खडकाचे कण मिसळले असतील तर वय फुगतं. आम्ही एकेक कण मोजला."
म्हटलं, "कुठल्या राखेतला? शेजारच्या टेकडीवरची खरवडली असेल!"
"मूळ नमुना आता कुणाकडे आहे, बाई?"
माझ्याकडे आहे.

१० मार्च
दाराला लावायचा दगड पिशवीत घालून नेऊन दिला. त्याच घट्ट झालेल्या राखेचा, यांनी स्वतः जबड्यावरून काढलेला. "सगळा दळावा लागेल," म्हणाल्या. दळा म्हटलं. मग कळेल कोण चुकलं ते.

२ एप्रिल
दार आपटतं.

१४ मे
निकाल आला. थोडे कण फार जुने. बाकी सगळे आठ लाखांचे.
वन्संनी दाराला वीट लावून ठेवली.

१५ मे
अधिकाऱ्यांना पत्र टाकलं. आठ लाखच राहू द्या, बरोबर आहे. पण जबडा कुणी शोधला? वरची राख मोजायची, हे कुणी ठरवलं? उत्तर चुकलं तरी सिस्टर रीतीचे गुण कापत नसत. नाव परत लावा.
लेखी उत्तर हवं. ३१ मेच्या आत.