तांदळातलं नाव

ती. आईंना,

नमस्कार करते, पण आज रागातच.

इथे आयर्लंडमध्ये, आमच्या लायब्ररीतल्या प्रदर्शनासाठी मी व्हायलेट हार्डिंग या ब्रिटिश मूकपटनटीची माहिती लिहीत होते. बाईचे एकोणीस सिनेमे. मग वॉटरफोर्डच्या डॉक्टरशी लग्न केलं आणि गायब! तिची कबर शोधण्यात माझे तीन शनिवार गेले. शेवटी दफनभूमीतला माळी म्हणाला, "म्हणजे युअर मॅन, आपल्या त्या ब्रेननची मिसेस ना?" दगडावरही एवढंच, 'डॉक्टर ब्रेनन यांची प्रिय पत्नी'.

मी चिडले, तर तुमचा उपेंद्र म्हणतो, "एवढं काय त्यात?"

एवढं काय? लग्नात तुम्ही त्याला तांदळात अंगठीने 'सुमेधा' लिहायला लावलंत. मीही हसत उखाणा घेतला. आता फार्मसीची पदवी माहेरच्या मैत्रेयीची आणि पासपोर्ट सुमेधाचा. फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करायला गेले की इथे सहा वर्षं विचारतायत, ही मैत्रेयी कोण?

काल व्हायलेटचं नाव मोठ्या अक्षरांत लावून घेतलं. खाली लिहिणारीचं नाव घालायचं होतं, तर माझाच हात मुकाट्याने 'सुमेधा' लिहून गेला!

हे पत्र मी फाडणार आहे, आई. पण आधी सही करते.

मैत्रेयी