मोठीची बाटली

११ ऑक्टोबर १९८१

तीनदा हात धुतले, तरी नखात रक्त आहेच. जेवण गेलं नाही.

दुपारी सिहोऱ्याहून एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोघं आणले — यादोराव आणि त्याचा चुलतभाऊ गोपीचंद. भांडण तलावाच्या पाण्याचं! यादोरावनं शेताचा धुरा, बांध फोडून पाणी आपल्या धानात वळवलं, गोपीचंदनं कुऱ्हाड काढली. यादोरावची मांडी हाडापर्यंत उघडी. गोपीचंदच्या पोटात विळा. ड्रायव्हर सांगे, अर्ध्या रस्त्यापर्यंत ट्रॉलीतही एकमेकांले लाथा घालून राहिले होते. इथं पोचेस्तोवर दोघंही बेशुद्ध.

मग दवाखान्याच्या ओट्यावर दोन्हीकडचे लोक भिडले. काठ्या, विटा. एक वीट लॅबची काच फोडून माझ्या टेबलावर! मी बाहेर जाऊन दोघांच्या कानफटात ठेवून दिली. तिकडं भैय्याजी डॉक्टर ओरडून राहिले — भोजराज, रक्त! दोघांलेही!

केसपेपर निघाले नव्हते. खाटांपाशी दोघांच्या बायका, सख्ख्या बहिणी. नमुने काढले, नाव विचारलं. नवऱ्याचं नाव घेतील कशा! एक म्हणे आमचे मालक, दुसरीही म्हणे आमचे मालक. आडनाव एक, गाव एक. डोकंच फिरलं माझं. माणूस मरून राहिला अन् या बायांले लाज! शेवटी चिकटपट्टी फाडून नळ्यांवर लिहिलं — एकीवर ‘मोठी’, एकीवर ‘लहानी’.

मोठीच्या नवऱ्याचा गट निघाला बी, लहानीच्या नवऱ्याचा ओ. यादोरावचा धाकटा भाऊ इश्वर, त्याचाही बी. त्यानं आपणहून हात पुढं केला. सगळं काढा म्हणे, पण भाऊ वाचवा. त्याची बाटली भरली, पट्टी लावली ‘मोठी’. ‘मोठी’च्या नळीशी क्रॉसमॅच केला, चांगला जुळला. शिस्टर निर्मलाबाईनं बायकांले विचारलं, मोठी कोण? रंभाबाई म्हणे मी. तिच्या नवऱ्याले, यादोरावले, बाटली लागली. दुसऱ्या एकाची ओ ची बाटली, पट्टी ‘लहानी’, ती गोपीचंदले.

१२ ऑक्टोबर

यादोराव गेला.

बाटली पाव उतरली नाही तोच हुडहुडी सुरू. खाट हालून राहिली होती. दोघांनी दाबून धरला. शुद्धीवर आला तो कंबर धरून बोंबललाच. शिवलेल्या मांडीतून पुन्हा भळभळ. नळीत लघवी आली ती काळी. माझा शर्ट धरला त्यानं, बटणं तुटली — “आग होऊन राहिली रे नसायतून! काय भरलं माह्या अंगात?”

मी बाटलीची नळी उपटली. खूप उशीर झाला होता.

ताजा नमुना काढून एकटाच लॅबमध्ये बसलो. ओ! यादोरावचा गट ओ. ओ वाल्याले बी चढवलं मी!

वॉर्डात जाऊन दोघी बहिणींकडं नीट पाहिलं. जिचे केस पांढरे, दात पडलेले, जिले मी मोठी समजलो, ती कुंताबाई. गोपीचंदची बायको. ती लहानी आहे! सात बाळंतपणं अन् हिवताप, म्हणून म्हातारी दिसते. तोंडाकडं पाहून मी मोठी ठरवली. विचारलं नाही.

गोपीचंदले मात्र ओ मिळालं. ते कोणालेही चालते. शुद्धीवर आला, पाणी मागून राहिला आज.

गट पाहिलेली काचपट्टी धुऊन टाकली. कोणाले सांगितलं नाही.

१५ ऑक्टोबर

मरणाचं कारण — मांडीवरचा वार. भैय्याजींनी तसंच सांगितलं, पोस्टमार्टमात तसंच आलं. गोपीचंदवर ३०२. पोटाचे टाके निघाले की जेलात.

भैय्याजींले खरं सांगितलं मी. ते म्हणाले, पुन्हा बोलू नको.

३० नोव्हेंबर

इश्वरनं गोपीचंदचं कापलेल्या धानाचं पुंजणं जाळलं. आख्ख्या वर्षाचं धान. वर त्याच्या दोन्ही बैलांच्या पायाच्या शिरा कापल्या. मुकी जनावरं! कुंताबाई आडवी गेली तर तिचा हात मोडला. आज मीच प्लास्टर भिजवून दिलं. तोंड वर करून पाहायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी इश्वर स्वतः लॅबमध्ये आला. दंडावरची सुईची जागा दाखवली. “माह्या रगतानं वाचाले पाहिजे होता तो. गोप्या सुटून येऊ दे. तुकडे करतो त्याचे.” मी त्याले चहा पाजला. लाज वाटते माझी मले.

८ जानेवारी १९८२

रंभाबाई आली. पांढरं कपाळ. बहीण आता दारात उभी करत नाही म्हणे. मग हळूच विचारलं, “मांडी तोडली तवा ते बोलत होते, भाऊ. रगत चढल्यावरच काहून पेटले?”

ताप होता, म्हटलं मी. मी नळ्या धूत राहिलो. एक फुटली, बोट कापलं.

९ फेब्रुवारी

गोपीचंदले जामीन मिळाला. परवा सुटते. इश्वरनं लोहाराकडून कुऱ्हाड पाजवून आणली, सारं गाव बोलून राहिलं. आता गोपीचंद कापला जाईल आणि इश्वर फासावर जाईल. माझ्या एका पट्टीपायी तीन माणसं!

मी भेकड आहे. हरामखोर आहे. लिहून टाकलं, तरी हलकं वाटत नाही.

१० फेब्रुवारी

उद्या सिहोऱ्याले जातो. भैय्याजी म्हणाले, बोललास तर आपण दोघंही जेलात. जाऊ म्हटलं.

२ मार्च

डाव्या हातानं लिहितो. अक्षर लागत नाही.

उजवा पंजा इश्वरच्या आंगणात राहिला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आपल्याच दंडाकडं पाहिलं, दोनदा पुसला. मग कुऱ्हाड उचलली. गोपीचंद वीस हातांवर दारात उभा होता, त्याच्याकडं गेला नाही. माझ्याकडं आला.

निर्मलाबाई सांगे, मले ट्रॉलीतच आणलं. माझा गट ओ. आलेल्यांत एकच ओ निघाली, रंभाबाई. बाटलीवर काय लिहू, निर्मलाबाईनं विचारलं. रंभाबाईनं माझं नाव घेतलं. भोजराज जागेश्वर कापगते. लिहिलेलं दाखवा म्हणाली, दोनदा वाचून घेतलं.

मग हात पुढं केला — “जगू द्या याले. कोर्टात बोलाचं हाय यानं.”