चार चौकटी

प्रिय सत्यशीला,

पुण्याच्या नोकरीत रुळलीस, असं तुझ्या वर्गातला अंगद सांगत होता. बरं वाटलं. इकडं माझं तेच चालू आहे. आठवडाभर स्वतःच्या कारखान्यात कडबाकुट्ट्या बनवायच्या अन् शुक्रवारी तुमच्या कॉलेजात तांत्रिक लेखनाच्या तासाला चित्रं शिकवायची. दहावी नापास वेल्डरला पोरं 'सर' म्हणतात, याची मला अजून गंमत वाटते.

तुझ्या चार चौकटी आठवतात? वरच्या ओळीत बटण बंद करा, मग पात्यांचं चाक पूर्ण थांबू द्या. खालच्या ओळीत झाकण उघडून अडकलेला कडबा काढा, मग झाकण लावा. अक्षर एक नाही. मी पैकीच्या पैकी गुण दिले अन् तोच तक्ता छापून प्रत्येक यंत्रावर चिकटवला. खाली तुझं नावही घातलं, कौतुकानं.

गेल्या महिन्यात आपल्याच यंत्रात केदारखेड्याच्या कडूबाची चार बोटं गेली. दवाखान्यात मी त्याच्यापुढं तक्ता धरला, कसं बघितलं ते दाखव म्हणालो. त्यानं डाव्या हाताचं बोट पहिल्या चौकटीवरून सरळ खाली नेलं. बटण बंद, की लगेच हात आत. म्हणाला, "मालक, मला वाचता येत न्हाई. घरात क्यालिंडर तेवढं हाये, त्याच्यात तारखा वरून खालीच जातेत. म्या बराबर केलं ना?" बटण बंद केल्यावरही चाक किती वेळ घरघरतं, तुला माहीत आहे. मला तर पाठमोरा असलो तरी ते थांबल्याचं ऐकू येतं. सगळ्यांनाच येत असेल, असं धरून चाललो.

नव्या तक्त्यावर बाण आहेत. पण जुना लावलेली यंत्रं बाजारांतून कधीच विकली गेली, कुणाच्या गोठ्यात असतील कुणाला ठाऊक. वर्गात सांगितलं, न वाचणाऱ्या एका माणसाला आपलं चित्र दाखवून या. एकही पोरगं गेलं नाही. याला गुण किती, एवढं मात्र विचारलं.

तू विचारलं होतंस, सर, बाण काढू का, एकदा गावात दाखवून येऊ का. मी म्हणालो, बाणांनी चित्र घाण होतं, सरळ तर दिसतंय. परवा चौकशीचे साहेब आले, तक्ता कुणाचा म्हणाले. माझ्या तोंडून तुझं नाव निघालं अन् पुढचं मी गिळलं. तुला फोन येईल. त्यांच्यापुढं परत जायचं माझ्यानं होईल की नाही, सांगता येत नाही. तू हे पत्र दाखव. खाली सही केली आहे, कारखान्याचा शिक्काही मारला आहे.

तुझाच, सर म्हणवत नसेल तर नुसता,
रामप्रसाद