चार-दोन वस्तू, कळमेश्वरला

वाडी, नागपूर
रविवार, ३ मार्च २०२४

ती. शामलाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं रामाजी भाऊजी आपल्या मनाने जोडून सांगतात, म्हणून लिहितो आहे. शिवाय संध्याकाळी सात वाजले की आमच्या सगळ्यांचे मोबाइल मिनल कपाटात टाकते आणि किल्ली स्वतःकडे ठेवते. मग माणसाने करायचं काय? बहिणीला पत्र.

हे सगळं सुरू झालं तुझ्या या भाचीच्या हॉल तिकिटापासून. बारावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी ते सापडेना. तुझी भावजय गार्गी, मी आणि ती, तिघांनी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत घर उलटंपालटं केलं. माझा चार वर्षांपूर्वीचा चष्मा सापडला. तीन टॉर्च सापडले, एकही पेटत नव्हता. हॉल तिकीट शेवटी मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात निघालं. मिक्सर मोडीत जाऊन तीन वर्षं झाली, खोकं काहून ठेवलं होतं ते कोणालाच सांगता येईना. मिनल रडली नाही, ओरडली नाही. पेपर देऊन आली आणि म्हणाली की ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही ती या घरात राहणार नाही. गार्गीने तिथल्या तिथे हो म्हटलं. मी दुकानदार माणूस, मला विचार करून सांगतो म्हणायची सवय. पण दोघींनी तेवढा वेळ दिला नाही.

तर ताई, आम्ही आता साधं राहायचं ठरवलं आहे. अडचण एवढीच की चांगल्या वस्तू फेकवत नाहीत. तुमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. चार-दोन वस्तू काही दिवस ठेवशील का? येत्या रविवारी भैय्याजीच्या टेम्पोने आणतो. उतरवायला मी सोबत येईन.

कळावे. लोभ आहेच, जागाही असू द्यावी.

तुझा,
सुशील


कळमेश्वर
१३ मार्च २०२४

चि. सुशील यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या चार-दोन वस्तू पोचल्या. सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पोरांना पाढे शिकवले, पण चार-दोन म्हणजे एकोणीस होतात हे मला रविवारी कळलं. दोन कूलर, एक दिवाण, व्यायामाची सायकल, आणि काचेचे सहा डिनर सेट, त्यातल्या चारांची तर अजून पट्टीसुद्धा निघालेली नाही. इतवारीत भांड्यांचं दुकान चालवणारा माणूस घरात बाहेरून भांडी आणतो कशाला, असं तुझे भाऊजी मला विचारून राहिले. मी म्हटलं, तुमचा साळा आहे, तुम्हीच विचारा.

सायकलवर ते बनियन वाळत घालतात. काल एकदा बसूनही पाहिलं. पाच मिनिटं पाय मारले, मग उतरून म्हणाले की एवढ्यात मी वावरात जाऊन आलो असतो, अन् हे बेटं जागचं हाललं नाही.

तू जेवून गेलास ते बरं वाटलं. वांग्याची भाजी दोनदा घेतलीस. मग त्याच दिवाणावर घोरत पडलास, जो घरी कोणी वापरत नाही म्हणून तू इथे आणला. भैय्याजी जेवून दोन तास अंगणात बसून होता, पण तुला उठवू नका असंच म्हणाला.

मोबाइल कपाटात टाकणाऱ्या पोरीला माझी शाबासकी सांग. आणखी काही असेल तर घेऊन ये. जागा पुष्कळ आहे.

कळावे. तुझं घर हलकं होवो, आमचा लोभ जडच राहील.

तुझी,
ताई


वाडी, नागपूर
रविवार, १४ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल चौथा टेम्पो रिकामा करून आलो आणि घरात पाऊल टाकलं तर माझाच आवाज मला परत ऐकू आला. बैठकीत आता एक सतरंजी, दोन खुर्च्या आणि भिंत. ही भिंत पिवळी आहे हे मला माहीत नव्हतं, अकरा वर्षं तिच्यापुढे शोकेस होती.

माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला. ज्याचं त्याने धुवायचं. गेल्या बुधवारी गार्गीच्या माहेरची पाच माणसं न सांगता आली. दोन पंगती कराव्या लागल्या. दुसऱ्या पंगतीतले तिचे काका मला हळूच म्हणाले की धंदा बरा चालला आहे ना, काही अडचण असेल तर सांगा. गार्गी दोन दिवस हसत होती.

पण खरं सांगू, बरं वाटतं आहे. संध्याकाळी आम्ही तिघं सतरंजीवर बसतो आणि बोलतो. पहिल्या आठवड्यात बोलायलाच काही सुचत नव्हतं. आता मिनल कॉलेजातल्या गमती सांगते, मी गिऱ्हाइकांच्या नकला करतो. आमच्या बिल्डिंगवाल्यांनी तर मला साध्या राहणीवर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. बोललो. टाळ्याही पडल्या.

तर आता सगळं संपलं. यापुढे तुला त्रास नाही. लग्नसराई लागली आहे, दुकानातून मान वर काढायला फुरसत नाही, त्यामुळे दोन-तीन महिने माझं येणं व्हायचं नाही.

कळावे. भाऊजींना नमस्कार, सायकलला व्यायाम.

तुझा,
सुशील


कळमेश्वर
३० एप्रिल २०२४

चि. सुशील यास अनेक आशीर्वाद.

तू टाळ्या घेऊन आलास हे वाचून आनंद झाला. पुढच्या वेळी बोलशील तेव्हा लोकांना हेही सांग की साधं राहायचं असेल तर कळमेश्वरला एक बहीण लागते. आमच्या मागच्या खोलीचं दार आता अर्धंच उघडतं. मी आडवी होऊन आत जाते. हे तर जातच नाहीत, त्यांचं पोट त्यांना जाऊ देत नाही.

मी चिडले असं समजू नकोस. उलट तुला विचारायचं होतं, इतक्यात संपलं कसं? नीट पाहिलंस का? तुझ्याकडे वरच्या माळ्यावर काही असेल, गॅलरीत काही असेल. अर्धवट काम करू नये. ओसरी अजून मोकळी आहे. एखादा रविवार काढ आणि जे असेल ते आण. कैऱ्या आल्या आहेत, पन्हं करून ठेवते.

यांचा गुडघा ठीक आहे. माझंही ठीकच. ऊन फार आहे, दुकानात पाणी पीत जा.

कळावे. लोभाला माझ्याकडे माळा, गॅलरी काही लागत नाही.

तुझी,
ताई


वाडी, नागपूर
१० मे २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. तुझं पत्र वाचून मिनल म्हणाली की आत्याला आपल्या कामाची आपल्यापेक्षा जास्त काळजी आहे. तू म्हणालीस म्हणून माळा पुन्हा धुंडाळला. शोधून शोधून पाच खोकी भरली. रविवारी भैय्याजी घेऊन येईल. मला जमणार नाही ताई, रविवारी तीन लग्नांचे रुखवत द्यायचे आहेत. तो उतरवून देईल, भाऊजींना हात लावू देऊ नकोस.

पन्हं भैय्याजीच्या हाती बाटलीत दे.

कळावे. लोभ ठेव, रागावू नको.

तुझा,
सुशील


कळमेश्वर
१५ मे २०२४

चि. सुशील यास रामाजीचा आशीर्वाद.

पत्र लिहाचं माझं काम नाही. लगन झाल्यापासून तुले हे पहिलंच लिहून राहिलो. तुझी ताई सोमवारी पडली. उजव्या हाताचं मनगट मोडलं. पलस्तर केलं, सहा हप्ते ठेवाचं आहे. बाकी तब्येत चांगली आहे, तोंड तं एकदमच चांगलं चालू आहे. आताही समोर बसून सांगून राहिली का सुशीलले कळवू नका, त्याचा सीझन आहे. मी हो हो म्हणून राहिलो अन् लिहून राहिलो.

पडली कशी ते सांगतो. शनिवारी भैय्याजीचा फोन आला का उद्या टेम्पो घेऊन येतो. रविवारी तिनं सकाळपासून पुरण घातलं. मी म्हटलं आज कोणता सण आहे, तं पुरण वाटतच राहिली. टेम्पोचा आवाज आला तशी पदराले हात पुसत बाहेर गेली. भैय्याजी एकटाच उतरला. तरी तिनं टेम्पोच्या मागं जाऊन पाहिलं. तुझी चिठ्ठी आली नव्हती, ती आमाले मंगळवारी भेटली. भैय्याजीले वाढलं. तिनं स्वतः घासभर खाल्लं, बाकीचं शेजारच्या करिष्माच्या घरी देऊन आली. खोके ओसरीतच राहिले. मी म्हटलं उद्या लावतो. पण सोमवारी मी वावरात गेलो तं हिनं एकटीनंच ते ओढाले घेतले. रागात माणूस कुठं पाहते? एका खोक्याले अडखळली अन् हातावर पडली.

त्या खोक्यात काय निघालं तुले माहीत आहे का? जुने कॅलेंडर अन् पडद्याच्या कड्या. एवढ्यासाठी कोणी टेम्पो पाठवते काय?

तुझ्यावर माझा राग नाही. पण तुझ्या ताईले सामान नाही पाहिजे होतं गा. आता जास्त लिहीत नाही, ती इकडंच पाहून राहिली.

कळावे. लोभ म्हणतात ते तुझी ताई लिहिते, माझ्याकडून रामराम.

रामाजी


वाडी, नागपूर
रविवार, २ जून २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडून येऊन आठवडा झाला. दहा दिवस आम्ही तिघं तुझ्या घरात राहिलो, पण जे बोलायचं होतं ते तू बोलू दिलं नाहीस. मी तोंड उघडलं की तू गार्गीला म्हणायचीस, याला चहा दे. म्हणून लिहितो.

भाऊजींचं पत्र मी दुकानात उघडलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. वाचलं आणि दुकानातल्या माणसाला सांगितलं, शटर ओढ. लग्नसराईत दुकान बंद पाहून बाजूचे दुकानदार विचारायला आले की कोण गेलं.

तुझ्या मागच्या खोलीत आडवा होऊन मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा मला लाज वाटली ताई. माझं अख्खं घर तिथे उभं होतं. मी काही सोडलं नव्हतं, फक्त डोळ्यांआड केलं होतं, आणि तेही तुझ्या चालायच्या वाटेत. त्यावर टाळ्या घेतल्या. मिनल माझ्यावर चिडली नाही, स्वतःवर चिडली. म्हणाली की नियम मी केला, पण वस्तू जातात कुठे हे मी एकदाही विचारलं नाही.

या वेळी विचारलं. तुझ्या शाळेत कूलर बसवून दिले तेव्हा सुट्टीतही जमलेल्या ज्या पोरी पाण्याचे तुषार तोंडावर घेत होत्या, त्या तूही पाहिल्या. काचेची ताटं भजनी मंडळाच्या बायकांनी नेली. दिवाण भैय्याजीने मागितला. चार वेळा उचलला तेव्हाच आवडला होता म्हणे. सायकल भाऊजींनी दिली नाही. बनियन कुठे वाळवू, असं त्यांनी मिनललाच विचारलं. कॅलेंडरं आणि कड्या मी स्वतः रद्दीत घालून आलो.

एकच विचारायचं आहे. पहिल्याच टेम्पोला तू नाही का म्हणाली नाहीस? तू मला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत आली आहेस. हाताची काळजी घे. भाऊजी पोळ्या जाड लाटतात हे मला माहीत आहे, तरी त्यांना बोलू नकोस.

कळावे. लोभ मागायला आज तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
सुशील


कळमेश्वर
३ जुलै २०२४

चि. सुशील यास अनेक आशीर्वाद.

पलस्तर निघालं. अक्षर पाहून हसू नकोस. पहिलीतल्या पोराचं असं आलं असतं तर मी त्याला पुन्हा लिहायला लावलं असतं. उत्तराला महिना लागला तो हातामुळे. यांना सांगून लिहून घेतलं असतं, पण मी एक सांगते आणि हे दुसरंच लिहितात, ते तू पाहिलंच आहे.

मिनल पास झाली, पेढे पोचले. यांनी एकट्याने सहा खाल्ले.

आता तुझ्या प्रश्नाचं. बाबा गेल्याला सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत तू किती वेळा आलास, आठवून पाहा. मी मोजलेलं सांगत नाही, तुला वाईट वाटेल. वाडीहून इथे यायला पाऊण तास लागतो. गेल्या भाऊबीजेची साडी दुकानातल्या माणसाच्या हाती आली. साडी चांगली होती. मी त्याला पाटावर बसवला आणि फराळ दिला, तोही बिचारा संकोचला. मग मार्चमध्ये तुझं पत्र आलं की सामान आणतो, सोबत मी येतो. मी त्यातलं शेवटचंच वाक्य वाचलं. तुले काय वाटलं, मले कूलर पाहिजे होते? तू सामान उतरवायचास, घामाघूम होऊन जेवायला बसायचास, वाढ म्हणायचास. मग झोपायचास. मी स्वयंपाकघरातून तुझं घोरणं ऐकायची आणि भांडी हळू घासायची. त्यासाठी मी तुझं पूर्ण दुकान ठेवून घेतलं असतं. ये रे, असं सरळ लिहायला मला जमलं नाही. मोठी बहीण आहे, मागायची सवय नाही. चूक माझीही आहेच.

जूनमध्ये तू लागोपाठ तीन रविवार आलास. पहिल्या रविवारी तुझ्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. तुला बसायला अवघड वाटत होतं, मला दिसत होतं. सारखा उठून विचारत होतास की काही काम आहे का. काही काम नव्हतं. तिसऱ्या रविवारी नाही विचारलंस.

या रविवारी मात्र येऊ नकोस, आम्ही दोघं येतो. मला इतकी वर्षं कोणी ये म्हटलं नाही असं मी मनात म्हणत होते, पण मीही घर धरून बसले होते. नऊच्या एसटीने निघतो. सोबत काही आणत नाही, यांचं कोकलणं चालू आहे पण मी लक्ष देत नाही. खाली सतरंजीवर बसायला मला दहा वर्षांत जमलेलं नाही. तरी बसेन. उठवायला तू आहेस.

कळावे. लोभ कमी करायचा नियम मिनलने अजून काढलेला नाही, तो तसाच राहू द्यावा.

तुझी,
ताई