त्रेमोलाच्या वळणांवरचा संशय

प्रिय एल्वेत्सिओ,

तू फोन करतोयस आणि मी उचलत नाही. तोंडाने सांगायला गेलो की आपण भांडतो, म्हणून लिहितोय.

या उन्हाळ्यात माझं डोकं कशाने पोखरलं, ते ऐक. तरुणपणापासून आपण दोघं सायकलने आयरोलोहून त्रेमोलाची दगडी वळणं चढत गॉटहार्डचा घाट गाठतोय, आणि कायम माझंच चाक पुढे. यंदा मात्र धापा टाकत वर पोचावं, तर तू तळ्याकाठी निवांत सॉसेज खात बसलेला! सत्तरीचा म्हातारा असा उडतो कसा? तू लिंबू-सोडा आणायला गेलास की मी तुझी सायकल उचलून बघायचो, नळ्या ठोकायचो, पायडल उलटं फिरवायचो. लपवलेली मोटर काही सापडेना. मग वाटलं, तुझ्या भाचीच्या औषधाच्या दुकानातून तुला काहीतरी मिळतंय. बारमध्ये मी तसं सांगितलंही सगळ्यांना.

म्हणूनच त्या रविवारी मुद्दाम म्हटलं, "चल, आज सायकली बदलू." तू घुटमळलास. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. पण तुझ्या त्या हलक्या सायकलवरूनही मी थोड्याच वळणांत उतरलो. तू माझं लोखंडी धूड घेऊन पुढे गेलास आणि मी दिसेना म्हणून परत खाली आलास. मी कठड्यावर बसल्या बसल्या ओरडलो, "मोटर लपवलीस कुठे, लबाडा?" तू हसला नाहीस. म्हणालास, "तार्चीझिओ, मला गेल्या वर्षीइतकाच वेळ लागतो रे. तूच मागे पडतोयस. ओठ बघ, निळे पडलेत." मी म्हणालो, "आधी स्वतःचा मोतीबिंदू काढून घे!" आणि तुला तिथेच सोडून उतरलो.

तू माझ्या बायकोला फोन केलास, हे नंतर कळलं. निवेसने बखोट धरून मला डॉक्टरकडे नेलं. हृदयाची एक झडप आवळत चाललीय. डॉक्टर फारच गोड हसतो, त्याच्यावरही माझा विश्वास नाही. पण पडद्यावर मी स्वतः पाहिलं, गंजल्या दारासारखी ती अर्धवटच उघडते. काल बारमध्ये जाऊन सांगून आलो, एल्वेत्सिओकडे मोटर नाही. सगळे म्हणाले, "माहीत होतं आम्हाला. त्या कंजुषाच्या हातून मोटरीला पैसे सुटणार कुठले!"

मंगळवारी लुगानोला माझं ऑपरेशन आहे. निवेस म्हणते, सोबत कोणी नको. पण कालपासून घासलेलीच भांडी पुन्हा घासतेय. तू तिच्याजवळ जाऊन बस, एवढंच मागायला हे पत्र. ती तुला बोलेल, "तुमच्या त्या घाटाच्या नादाने माझ्या माणसाची वाट लागली" म्हणेल. ऐकून घे. मी शुद्धीवर येईपर्यंत उठू नकोस, आणि नाहीच आलो, तर मग मुळीच उठू नकोस.

तुझाच,
तार्चीझिओ